बॅरिस्टरची नोंद

कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत, हे तत्त्व मानवजातीने हजारो वर्षे एकमेकांची डोकी फोडून मिळवले आहे. पगाराच्या दिवशी मात्र ते अर्ध्या दिवसाच्या रजेवर असते.

परदेशातून कायद्याची मोठी पदवी घेऊन आलेल्या त्या तरुण वकिलाला हे पहिल्याच महिन्यात कळले. वकिलांच्या ज्या कचेरीत तो नोकरीला लागला, तिथे त्याला सगळे बॅरिस्टर म्हणत. तो बॅरिस्टर नव्हता. पण पगार वाढवण्यापेक्षा पदवी वाढवणे कचेरीला परवडत होते. महासागरांच्या तळाची मालकी कोणाची, यावर त्याने तिकडे चारशे पानांचा प्रबंध लिहिला होता. इकडे आल्यावर 'प्रारंभिक मानधन' या नावाने जे हातात पडले त्यात शहरातली एक खोली बसेना, अर्धीही बसेना. खोलीचे दार बसले असते, पण घरमालक दार सुटे देत नव्हता.

तेव्हा बॅरिस्टरने वळकटी उचलली आणि कचेरीच्याच दप्तरखान्यात, फायलींच्या लोखंडी रॅकच्या तळच्या कप्प्यात अंथरली. कप्पा सहा फूट लांब आणि कोरडा होता. कूस बदलताना वरच्या कप्प्यातला एक वाटणीचा दावा कपाळाला लागे, एवढीच काय ती गैरसोय.

आईला त्याने फोनवर सांगितले, "कचेरीनेच जागा दिलीय. शांत आहे. शेजारी सगळे जुने आहेत."

"सोमवारी येऊन बघते," आई म्हणाली. "बस्तान बसलं असेल तर ठीक. नाहीतर मुकाट्याने मामाच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं. भांडणं तिथेही असतात."

बॅरिस्टरला छत्र्यांची मनापासून धास्ती होती. सोमवारपर्यंत कुठेतरी एखादी खोली शोधायची, असे त्याने ठरवले. पण शुक्रवारी दप्तरखान्याची वार्षिक तपासणी निघाली. चौतीस वर्षे दप्तर सांभाळणारे दप्तरकाका एकेक कप्पा पाहत खाली वाकले आणि वळकटीवर बसलेल्या बॅरिस्टरकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"आठवा दिवस," काका म्हणाले. "नियम एकोणीस. दप्तरखान्यात सात दिवसांहून जास्त राहिलेल्या वस्तूची नोंद तरी करायची, नाहीतर नाश. काय करू?"

"काका, अहो मी आहे. बॅरिस्टर."

"ते दिसतंय. नोंद की नाश?"

दोन देशांतले शिक्षण पणाला लावून बॅरिस्टरने 'नोंद' सांगितले. काकांनी त्याच्या मनगटाला लाल फीत बांधली, कसर लागू नये म्हणून उशाशी चार डांबरगोळ्या ठेवल्या आणि नोंदवही उघडली.

"प्रलंबित लिहू की निकाली? म्हणजे, तुमच्यात पुढे काही घडण्यासारखं आहे का?"

"पगारवाढीचा अर्ज दिलाय."

काकांनी 'निकाली' लिहिले.

आता दप्तरखान्याबाहेर पडायचे तर वकिलाच्या सहीची मागणीचिठ्ठी हवी. "मी वकीलच आहे," बॅरिस्टर म्हणाला. "फायलीने स्वतःच स्वतःला मागवायचं?" काका म्हणाले. "उद्या सगळ्याच उठतील."

प्रकरण कचेरीच्या मालकांकडे, म्हणजे थोरल्या साहेबांकडे गेले. त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि ती नियमाला धरून असल्याबद्दल काकांची पाठ थोपटली. "आता अडचण अशी, की फायलीला मानधन द्यायची तरतूद नाही," ते खाली दप्तरखान्यात येऊन बॅरिस्टरला म्हणाले. "फायलीला जतनखर्च असतो. तो अशिलांकडून येतो. मानधनाच्या दीडपट आहे. फाईल सुस्थितीत ठेवायची म्हणजे त्यात तुमचं जेवणही आलं. हवं तर नोंद रद्द करतो. जुन्या मानधनावर वर या."

बॅरिस्टरने, वकिलाला शोभेल अशा गांभीर्याने, विचार करायला पुढची तारीख मागितली.

सोमवारी आई आली. काकांनी तिला दारातच थांबवले. "फाईल पाहायची तर माझ्यासमोर. बोटाला थुंकी लावायची नाही, कोपरे दुमडायचे नाहीत."

"अहो, माझा मुलगा आहे तो."

"तुम्ही घडवलात, मान्य. ताबा आमचा."

बॅरिस्टर पाय पोटाशी घेऊन कप्प्यात बसला होता. फीत बाहीखाली लपेना. डोळ्यांपुढे उघडमीट करणाऱ्या छत्र्या दिसत होत्या. आईने आधी त्याला पाहिले, मग कप्पा, मग छत.

"पंखा दिवसभर चालतो?"

"फायलींना दमट सोसत नाही, ताई."

"धूळ?"

"रोज पुसतो."

"माझ्याकडे असताना हा आंघोळीला तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नव्हता," आई म्हणाली. "आणि असं किती दिवस?"

"निकाली फाईल बारा वर्षं ठेवावीच लागते. मध्ये आगीचा आणि वाळवीचा विमा आहे."

"बारा वर्षं कोणी काढून टाकू शकत नाही?"

"तिने स्वतः नोंद रद्द करून मागितल्याशिवाय थोरले साहेबसुद्धा नाहीत."

आई हळूच स्टुलावर बसली. तिने डोळे पुसले. "म्हणजे कायम झाला," ती म्हणाली. "परदेशात शिकवल्याचं चीज झालं बाई. मागू नको हो काही, बाळा." मग आवाज उतरवून तिने काकांना विचारले, "पलीकडचा कप्पा रिकामा दिसतोय. माझा भाचाही खूप शिकलाय."

"अर्ज करायला सांगा. रांग आहे."

रांग खरोखरच होती. या हकिकतीला हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिच्यात उभे आहेत. उरलेल्यांच्या मनगटाला कसली ना कसली फीत आहेच. रंग ज्याने त्याने पाहून घ्यावा.

आई गेली. महासागरांच्या तळाचा अभ्यासक घसा खाकरून कप्प्यातून थोडा पुढे झुकला.

"काका, एक विनंती होती."

"लेखी?"

"तोंडीच. त्या डांबरगोळ्या उशाशी ठेवता, त्या पायाशी ठेवाल का?"