हरेश्वर नाखव्याला रेडिओने पसंत केलं

नांदवेल बंदरात लांब पल्ल्याचा रेडिओ होडीवाल्याने निवडायचा नसे. रेडिओ होडीवाल्याला निवडत असे, आणि त्यासाठी दर बुधवारी सकाळी दहा वाजता बंदर कार्यालयात मुलाखती होत. वीस-पंचवीस मैलांचे साधे रेडिओ दुकानात पैसे टाकले की मिळत, त्यांना स्वतःचं मत नसे. पण ज्यांचा आवाज आफ्रिकेला जाऊन धडकतो, ते असे कुणाच्याही होडीत जाऊन बसत नाहीत. त्यात गैर काहीच नव्हतं.

हरेश्वर नाखवा त्या बुधवारी धुतलेला सदरा घालून बाकावर बसला होता. दीपगृहातल्या नोकरीच्या सगळ्या सुट्ट्या आणि नंतरची निवृत्ती खर्ची घालून त्याने एक शिडाची होडी बांधली होती, आणि ती घेऊन त्याला एकट्याने मस्कतला जाऊन यायचं होतं. लांब पल्ल्याच्या रेडिओशिवाय परवाना मिळत नसे, आणि पासष्टीनंतर तो कुणालाच मिळत नसे. हरेश्वरला वैशाखात पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"नाखवा, घाबरू नका," कारकून खतीब म्हणाला. "विचारतील तेवढंच सांगा. होडीची तारीफ करत बसू नका, त्यांना आवडत नाय."

पहिल्या रेडिओने डोलकाठीची उंची विचारली. बत्तीस फूट ऐकून तो म्हणाला, मला उंचावर राहायची सवय आहे, आणि निघून गेला. दुसऱ्याने फक्त कुठे जायचं ते विचारलं. मस्कत म्हटल्यावर त्याने खतीबकडे असा काही आवाज केला, की असल्या शेजारच्या गावी जाणाऱ्यांसाठी आपल्याला बोलावत जाऊ नये. हरेश्वरने मनातल्या मनात त्याला एक सणसणीत शिवी हासडली.

तिसरा राखाडी होता. मालवाहू जहाजावर बावीस वर्षं काढलेला, एक बटण गेलेलं, आवाज बसका. त्याने बॅटरी विचारली, अर्थिंगची तांब्याची पट्टी होडीच्या बुडाला आतून लावली आहे की बाहेरून तेही विचारलं. बाहेरून म्हटल्यावर तो खूश झाला.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "किनाऱ्यावर ऐकणारं कोण?"

"बंदर कार्यालय आहे की."

"ते पगारासाठी ऐकतील. घरचं कोण?"

"बायको. सुगंधा."

"तिच्याशी शेवटचं कधी बोललात?"

हरेश्वरने छताच्या पंख्याकडे पाहिलं. "नऊ वर्षं झाली."

खतीबने पेनाचं टोपण उघडून ते लिहून घेतलं. "येतो मी," रेडिओ म्हणाला, "पण ऐकणारं म्हणून त्यांची सही आणा."

नवराबायकोचा अबोला होता हे गावाला ठाऊक होतं. त्याचं कारण दोघांनाही पक्कं आठवत होतं, फक्त वेगवेगळं. हरेश्वरच्या मते सुगंधाने चार पाहुण्यांत त्याच्या होडीला पेटारा म्हटलं होतं. सुगंधाच्या मते त्याने तिच्या आईचं जाजम तिला न विचारता कापून शिडाला ठिगळ लावलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं पाण्याच्या पिंपाला उद्देशून चाले. "जेवण वाढलंय म्हणावं," ती पिंपाला सांगे. "मीठ कमी पडलंय म्हणावं," तो पिंपाला उत्तर देई. पिंपाची कधी तक्रार आली नाही.

त्या दुपारीही त्याने पिंपालाच सांगितलं, बंदरातून कागद आलाय म्हणावं, ऐकणाऱ्याची सही हवी. सुगंधाने तो वाचला आणि सही केली. सही म्हणजे काही बोलणं नव्हे.

रेडिओचा किनाऱ्यावरचा जोडसेट सुगंधाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवून झाल्यावर धक्क्यावरून चाचणी घेण्यात आली. हरेश्वर होडीत, खतीब शेजारी वही घेऊन. बराच वेळ काही आलं नाही.

"बाई बोलल्या," रेडिओ म्हणाला. "आवाज पोचतोय का म्हणावं, असं म्हणाल्या. ते मी आणलं नाही."

"का?"

"ज्याच्यात 'म्हणावं' आहे तो निरोप झाला. मी निरोप नेत नाही, आवाज नेतो. आणि तसंही, इतक्या जवळचं मला ऐकू येत नाही. जोडसेटने कानाशी येऊन सांगितलं म्हणून कळलं. मी लांब पल्ल्याचा आहे."

खतीबला हे पटलं. त्याने तात्पुरता परवाना दिला. चार दिवसांत घरून एक तरी सरळ वाक्य आलं नाही, तर होडी परत फिरवायची आणि परवाना कायमचा जमा करायचा. "माझ्या हातात एवढंच हाय, नाखवा," तो म्हणाला.

हरेश्वर दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला. सुगंधाने तांदूळ, सुकट आणि लोणच्याची बरणी बांधून दाराशी ठेवली होती. ती स्वतः दाराशी नव्हती.

रोज संध्याकाळी सहाला तो बोले. "नांदवेल, नांदवेल, मी हरेश्वर. होडी ठीक आहे. ओव्हर." पहिल्या दिवशी उत्तर नाही, दुसऱ्या दिवशी नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी रेडिओ घसा साफ करून म्हणाला, "एक वाक्य आलं होतं. परत पाठवलं."

"काय होतं?"

"'म्हणावं' होतं."

"अरे पण त्याच्या आधी काय होतं?"

"ते सांगितलं तर निरोप होईल."

हरेश्वरने त्याला समुद्रात फेकायची धमकी दिली. रेडिओ म्हणाला, फेका, पण नियम तळाशीही हाच आहे. त्या रात्री हरेश्वर जेवला नाही. मस्कतचं त्याला फारसं वाटत नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याला ते वाक्य हवं होतं.

चौथ्या दिवशी किनारा चारशे मैल मागे होता. सहा वाजता त्याने नेहमीचं सांगितलं आणि सुकाणू परत वळवण्यासाठी हातात घेतलं.

"अवो," रेडिओतून सुगंधा म्हणाली. मग, "जेवलाव काय? ओव्हर."

आवाज इतका स्वच्छ होता की मागची कढईही ऐकू येत होती. हरेश्वरने सुकाणू सोडलं आणि रेडिओला कान लावला.

"ओव्हर म्हणाल्या आहेत," रेडिओने हळूच आठवण करून दिली. "तुमची पाळी."

"नाय," हरेश्वर म्हणाला. "कालपासून नाय. ओव्हर."

यावर ती त्याला जी बोलली ती वीस मिनिटं बोलली. त्यातून विषय जाजमावर गेला, जाजमावरून पेटाऱ्यावर, आणि नऊ वर्षांचं भांडण दोघांनी शिस्तीत, पाळीपाळीने, ओव्हर म्हणत पुरं केलं. रेडिओने एक शब्द गाळला नाही. "कापायला नको होतं," शेवटी हरेश्वर म्हणाला. "तुझ्या आयशीची आठवण होती ती. माझं चुकलं." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही, बघणारं कुणी नव्हतं.

मस्कत त्याने पाहिलं. चांगलं होतं. रोज संध्याकाळी तो तिला तिथल्या खजुराचं, बंदराचं सांगे आणि ती त्याला गावातलं. परतताना वारा मदतीला होता, होडी भराभर येत होती, आणि तीनशे मैलांवर तिचा आवाज बारीक झाला. अडीचशेवर अर्धे शब्द गळू लागले.

"बिघडलाय का रे तू?" त्याने विचारलं.

"मी ठीक आहे," रेडिओ म्हणाला. "तुम्ही जवळ आलात."

हरेश्वर समजला. धक्क्याला होडी लागली की तो पासष्टीचा होणार होता आणि पुन्हा बाहेर पडायचा परवाना त्याला मिळणार नव्हता. घरी फळीवर एक मुका सेट होता. समोरासमोर बसून काय बोलायचं आणि कुणाची पाळी आधी, हे त्या दोघांना आता कोण सांगणार?

"अवो," सुगंधा खरखरीतून म्हणाली, "घाई करू नका. जरा मागं जा. तुमचं नीट ऐकू येत नाय. ओव्हर."

त्याने सुकाणू फिरवलं.

आता तो चारशे मैलांवर असतो. मासे मारतो, आणि तांदूळ मस्कतकडे जाणाऱ्या गलबतांबरोबर सुगंधा पाठवते. परवान्याची मुदत संपली तेव्हा तीच बंदर कार्यालयात गेली. वयाचा प्रश्न निघाला, पण समुद्रात असलेल्या माणसाचं वय कसं धरायचं याचा नियम खतीबला सापडला नाही. संध्याकाळी तिने ते सगळं हरेश्वरला सांगितलं.

"मुदत वाढवून दिली त्याने. विचारीत होता, कारणाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, लिव, नवऱ्याशी बोलतेय."

शेवटचे दोन शब्द जरा पुसट आले. हरेश्वरने शीड सोडलं आणि होडी आणखी दोन मैल लांब नेली.