शाळेच्या भीतीचा अर्ज

अर्ज कसा लिहावा हे साखऱ्याच्या पंचक्रोशीत कुणी शिकवावं, तर ते ह्या सोनाजीनं! विहिरीचा असो, विजेच्या डीपीचा असो की रानडुकरांनी केलेल्या नासाडीचा, माझा अर्ज वाचला की साहेब खुर्चीतून उठतो. (एकदा तो जेवायला उठला होता, पण ते सोडा.)

ह्या वेळी काम घरचं होतं. माझी पुनम तिसरीत आहे. दिवाळीनंतर पोरगी शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि थरथर कापत ओकायची. आम्ही गोडीनं सांगितलं, रागावलो, माझ्या आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. काही उपयोग नाही! शेवटी तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकरू नाटक करत नाही. मनात भीती बसलीय. ओढून नेऊ नका. थोडे दिवस घरी शिकवायची सोय बघा."

सोय म्हणजे अर्ज! मी बाह्या सरसावल्या.

"साधं लिवा," बायको म्हणाली. शिलाला साधेपणाचं फार वेड.

साध्या अर्जाला कोण विचारतं? मी ठणकावून लिहिलं: 'शाळेच्या भीतीमुळे माझ्या मुलीच्या जिवास धोका आहे. तरी तातडीने बंदोबस्त व्हावा.' वाचून माझ्याच अंगावर काटा आला! घरी शिकवायचं तेवढं लिहायचं राहिलं.

आठव्या दिवशी मोटारसायकलवर एक साहेब दारात हजर! थैलीतून हातोडा डोकावत होता. डॉक्टर लोक गुडघ्यावर ठोकून बघतात, त्यातलाच असेल म्हणून मी खूश झालो.

"तुमच्या अर्जाच्या चौकशीला आलो," साहेब म्हणाले. "तकलीफ कवापासून हाय?"

"दिवाळीपासून, साहेब."

"वल येते का?"

"व्हय! सदा डोळे वलेच असतेत."

साहेबांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. "हात लावला की हालते का?"

"हात कशाला? नुसतं नाव काढलं की थरथर कापते!"

"बाप रे! मंग ठेवण्यात अर्थ न्हाई. पाडावीच लागंल."

मी उडालोच! "पाडावी? पोरीला?"

"पोरीला काहून? भिंतीला!"

साहेब बांधकाम खात्याचे इंजिनियर होते. त्यांनी अर्ज काढून दाखवला. आमच्याकडं भिंतीला 'भीत'च म्हणतात. शिक्षण खात्याच्या हापिसातल्या कारकुनाला वाटलं, खेड्यातला माणूस, त्याला लिहिता येत नाही. त्यानं मोठ्या मनानं लाल पेनानं माझं शुद्धलेखन सुधारलं होतं: 'शाळेच्या भिंतीमुळे'!

मी हातापाया पडून चूक सांगितली. पण एवढ्या उन्हात चाळीस किलोमीटर आलेला माणूस हातोडा न वापरता परत कसा जाणार? त्यांनी शाळेच्या भिंतीवर एक ठोका घातला आणि भाकरीएवढा गिलावा खाली आला! भिंत खरोखर पोकळ निघाली. शाळेला कुलूप लागलं.

"वर्ग कुठं भरवायचे?" हेडमास्तर म्हणाले आणि सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

सोमवारी घराला लागून असलेल्या माझ्या सोयाबीनच्या शेडात एकतीस पोरं आली. गाय बुजली, आईची वाळत घातलेली मिरची तुडवली गेली, आणि पुनम आतल्या खोलीत जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकरू ज्याला भीत होतं, तेच मी उचलून त्याच्या उशाशी आणलं होतं!

पुनमच्या वर्गाच्या मिनाबाई रोज हजेरी घ्यायच्या. पुनमचं नाव घेऊन क्षणभर थांबायच्या आणि मग पुढचं नाव घ्यायच्या. पाचव्या दिवशी दाराआडून बारीक आवाज आला, "हजर, बाई." मी गोठ्यात शेण भरत होतो. तिथंच रडलो, खोटं कशाला सांगू!

त्या दिवसापासून ती दाराआडून पाढेही म्हणायला लागली. मग मी दुसरा अर्ज केला. शिलानं सांगितला तसा, साधा: मुलीला घरी शिकवायची सोय व्हावी. महिन्यानं उत्तर आलं. 'सदर विद्यार्थिनीची शाळेतील उपस्थिती नियमित आहे. सबब अर्ज नामंजूर.'

त्याच आठवड्यात भिंत दुरुस्त झाली. सोमवारपासून शाळा पुन्हा शाळेत! पुनमचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिसऱ्या अर्जासाठी कोरा कागद काढला, एवढ्यात शिला उठून शेडात गेली आणि मिनाबाईंना म्हणाली, "बाई, पोरीला तिकडं यायचं धाडस होऊस्तोवर तुमी सांजच्याला तासभर आमच्याकडं याल का?"

"येईन की! तुमच्या मागच्याच गल्लीत तर राहते मी," बाई म्हणाल्या. "धाडस झालं की तिला हाताला धरून मीच नेईन. पण ताई, दिवाळीनंतर लगेच का नाही सांगितलंत?"

शिलानं माझ्याकडं पाहिलं.

"ह्यायला अर्ज लिवायचा होता, बाई."