शाहेरच्या यंत्राने नेलेली सोयरीक

आमच्या भाच्याची, सुहैबची, सोयरीक करायला आम्ही अम्मानहून निघालो तेव्हा आमच्याबरोबर गाड्यांची लांबलचक रांग, एक माजी मंत्री आणि रस्ता दाखवणारं एक यंत्र होतं. यांपैकी कुणाचंही काही चुकलं नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो. पुढे जे झालं ते सगळं रीतीला धरूनच झालं.

माजी मंत्री लागतोच. वडीलधारी माणसं जमवून मुलीच्या दारी मागणी घालायला जायचं, त्याला आमच्याकडे जाहा म्हणतात, आणि माजी मंत्र्याशिवाय जाहा म्हणजे नुसती गर्दी. सुदैवाने आमच्या देशात मंत्रिमंडळं इतक्या वेळा बदलतात की माजी मंत्र्यांची टंचाई म्हणून कधी पडत नाही. आमच्या वाट्याला मिकदाद पाशा आले. आपण नेमकं कुठलं खातं सांभाळलं हे त्यांना थोडं थांबून आठवावं लागायचं, पण भाषण मात्र तोंडपाठ.

यंत्र माझ्या चुलतभावाचं, शाहेरचं. हा पाण्याचे पंप विकत देशभर हिंडतो. काचेला चिकटवलेलं ते यंत्र जेवायला उतरतानासुद्धा काढून खिशात घालतो. कोपऱ्यावरून रोटी आणायची तरी आधी पत्ता घालणार. त्याची बायको एकदा म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या माहेरचा रस्ता अजून कळला नाही तुम्हाला?" तर हा म्हणतो, "कळून करायचंय काय?" अशा अनुभवी प्रवाशालाच पुढची गाडी द्यावी, असं सर्वानुमते ठरलं.

विरोध फक्त माझ्या बहिणीचा, नजलाचा. सुहैबची आई ती. बायकांबरोबर आधीच जाऊन मुलीचं, लमीसचं, घर बघून आली होती. म्हणाली, "गाव दरीच्या दोन्ही काठांना आहे. लमीसचं घर अलीकडच्या काठाला. पूल ओलांडू नका."

"ताई, यंत्र आहे ना," शाहेर म्हणाला.

"यंत्र आलं होतं का रे मुलगी बघायला?"

यावर सगळे पुरुष हसले आणि विषय संपला.

पण प्रसंग हसण्याचा नव्हता. लमीसचा बाप, अबू नायेफ, तीन वर्षं नाही म्हणत होता. एकच पालुपद, शहरातली पोरं मातीवर पाय ठेवत नाहीत. या तीन वर्षांत सुहैबचं वजन उतरलं, केस उतरले, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने शुक्रवार दिला. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर या, म्हणाला. पुन्हा दार उघडणार नाही.

वाटेत माळरानावर शाहेरने एकदम ब्रेक मारला. मागे सगळी रांग कचाकच थांबली.

"यंत्र म्हणतंय, आपण शेजारच्या देशात विमानतळावर आहोत."

हल्ली उपग्रहांचे संकेत कोण कुठे फिरवतं, अल्लालाच ठाऊक. मी म्हटलं, "शाहेर, समोर मेंढरं चरतायत रे!"

"तेच बघतोय. विमानतळावर मेंढरं सोडलीत, काय बेशिस्त लोक!"

मागच्या सीटवरून पाशांनी गंभीरपणे विचारलं, "माझा पासपोर्ट कुणाकडे आहे?"

थोड्या वेळाने यंत्राने आम्हाला मायदेशी परत घेतलं. करकच्या डोंगरात शिरलो, गाव आलं, पूल आला आणि शाहेरने तो ओलांडला. मी नजलाचं बोलणं काढलं तर म्हणतो, "बायकांना दिशा कळतात होय?" पलीकडे तंबू ठोकलेला, खुर्च्या मांडलेल्या, मानाचा लांब झगा, अबा, पांघरलेली वडीलधारी माणसं उभी. आणखी काय पुरावा हवा? यंत्र बोललं, आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात. आम्ही उतरलो.

पाहुण्याला कोण, कुठला असं विचारणं आमच्याकडे असभ्यपणाचं, आणि यजमानाला तू कोण असं विचारणं तर वेडेपणाचंच. त्यामुळे कुणीच कुणाला काही विचारलं नाही. कॉफीचा पेला पाशांपुढे आला. रीतीप्रमाणे त्यांनी तो न पिता खाली ठेवला आणि ते उभे राहिले.

"आम्ही तुमच्या दारी मान खाली घालून आलोय. तरुण रक्त आहे, पण मुलगा चांगल्या घरचा आहे. आमचं मागणं मान्य केल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही."

यजमानांच्या शेजारी एक म्हातारा पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. तो हुंदके द्यायला लागला. मुलीचा आजोबा असावा असं समजून पाशा त्याच्याकडे बघून आणखी रंगात आले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सुहैब वाकत वाकत माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

"मामा, लमीस फोनवर विचारतेय कुठे आहात. मी कळवलं, तुमच्याच घरी, कॉफी समोर आहे. ती म्हणते, कॉफी आमच्याकडेही ठेवलीय, पण ही माणसं कोण आहेत?"

मी शाहेरला कोपर मारलं. त्याने खिशातून यंत्र काढलं, बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मुलीचा काहीतरी गोंधळ होतोय. आपण पोहोचलोय."

मी पाशांचा अबा ओढला. "पाशा, घर चुकलंय!"

"तपशील नंतर," ते पुटपुटले.

यजमान उठले. "तुम्ही आलात यातच सगळं आलं. दिलं! घ्या कॉफी." पाशा कॉफी प्याले. शब्द पक्का झाला. मग यजमानांनी हळूच जोडलं, "फक्त पोराला म्हणावं, ट्रॅक्टर जपून चालव. आमच्या चुलत्याचा पाय कसाबसा वाचला."

त्या घरीही जाहाच यायची होती, पण क्षमा मागणाऱ्यांची. ती मंडळीही यंत्र लावूनच निघाली आणि थेट अबू नायेफच्या तंबूत जाऊन बसली. त्यांच्याकडेही माजी मंत्री होता. तो म्हणाला, "आमच्या पोराची चूक पदरात घ्या, आम्हाला आपलं म्हणा." आपल्या मुलीवर प्रेम केल्याबद्दल माणसं क्षमा मागायला आलीत, हे पाहून अबू नायेफचा ऊर भरून आला. "दिली!" म्हणाला. तेही कॉफी प्याले.

थोडक्यात, आम्ही न मोडलेल्या पायाबद्दल आम्हाला माफी मिळाली आणि पाय मोडणाऱ्याला आमची मुलगी.

आम्ही बाहेर आलो. समोर दरी, आणि दरीपलीकडे अबू नायेफचा तंबू स्पष्ट दिसत होता. गच्चीवर लमीस उभी होती. आमच्या गाड्या मात्र एकमेकींत अशा अडकल्या होत्या की त्या सुटेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

"मी उतरून जातो," सुहैब म्हणाला.

"जा, पळ!" मी ओरडलो. "कॉफी प्यालेल्यांना उठवता येतं, अजून वेळ गेली नाही!"

"थांब," शाहेर यंत्राकडे बघत म्हणाला. "इथे वाट दाखवत नाहीये."

खाली शेळ्यांनी पाडलेली पायवाट डोळ्यांना दिसत होती. सुहैब तिच्यावरून थोडा उतरला. मग थांबला. खिशातून फोन काढला, बघितला, गोल फिरवला, पुन्हा बघितला. फोनमध्येही वाट नव्हती. तो परत वर आला.

"रस्ताच नाहीये, मामा."

मला त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. पण चारचौघं होते, पाशा उभे होते.

रात्री अबू नायेफचा निरोप आला. चूक दोन्हीकडून झाली, मी त्यांना दिलेला शब्द मागे घ्यायला तयार आहे, उद्या या. नजला आनंदाने रडली. पण पाठोपाठ लमीसने स्वतः सुहैबला फोन केला. तो फोन कानाला लावून उभा होता, आम्हा सगळ्यांना तिचा आवाज ऐकू येत होता.

"तू खाली उतरलास ते मी पाहिलं. मी हात करत होते. तू वर बघितलंच नाहीस, हातात बघत होतास. बाबा तयार आहेत, पण मी नाही."

वसंतात तिचं लग्न झालं. ट्रॅक्टरवाल्याशी नाही, गावातल्याच एका मास्तराशी. शाहेर अजूनही म्हणतो की यंत्र बरोबर होतं, घरंच चुकीच्या काठाला बांधली होती. आणि नातेवाइकांपैकी निम्म्यांना ते पटतं.

तुम्हालाही आमचं हसू येत असेल. या, खुशाल हसा. फक्त त्याआधी एवढं सांगा, आत्ता जिथे बसलाय तिथून पूर्व कुठल्या हाताला?

अहं, फोन राहू द्या खाली.