गाडीतली दुसरी मी

नवऱ्याला ऐकायला कसं लावायचं, ते मला विचारा! असं मी कोरियातल्या छुनछन शहरातल्या आमच्या अख्ख्या इमारतीत सांगत सुटले होते.

आमचे दोशिक माझं एक अक्षर ऐकत नाहीत. कांदे सांगितले की लसूण आणतात! पण गाडीतल्या फोनमधली ती रस्ता सांगणारी बाई "उजवीकडे वळा" म्हणाली, की लगेच, "हो हो, वळतो हं!" वर "थँक्यू"! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच सुमारास मी टीव्हीवर एक मालिका बघत होते. त्यात नायक नायिकेच्या फोनमधल्या आवाजावरच भाळतो. रडून रडून माझी उशी किमचीसाठी मिठात घातलेल्या कोबीसारखी निथळायची! आणि मग कळलं, की रस्ता सांगायला त्या बाईऐवजी आपलाही आवाज भरता येतो. झालं! कपाटात बसून, मधात घोळवून घोळवून मी सगळी वाक्यं वाचली. म्हटलं, आता बघा कसे विरघळतात!

मुहूर्त निवडला भाचीच्या लग्नाचा. माझी धाकटी बहीण मीरान विधवा. तिच्या लेकीला, सोल्बीला, वडिलांच्या जागी हात धरून नवऱ्यामुलापर्यंत न्यायचा मान दोशिकांचा होता. लग्न गिरिन गावात. डोंगरातल्या मोठ्या बोगद्याच्या अलीकडेच तिथला फाटा.

गाडी निघाली. फोनमधून मी गोड आवाजात म्हणाले, "पुढे डावीकडे वळा."

"माहितीये!" दोशिक खेकसले. "ओरडतेस कशाला?"

"मी? मी किंबाप खातेय!"

"वेग कमी करा," फोनमधली मी.

"आता गाडीही तूच चालव!" म्हणत त्यांनी वेग वाढवला.

म्हणजे त्या बाईला थँक्यू आणि मला हे? माझा असा भडका उडाला! मी बोलत सुटले, तेही बोलत सुटले. माझ्याकडे वळून वळून भांडायला लागले, तशी मी किंचाळले, "अहो, सरळ बघा!"

नेमकं त्याच क्षणी फोन म्हणाला, "उजवीकडे बाहेर पडा."

त्यांनी फक्त 'सरळ' ऐकलं. फाटा मागे गेला आणि गाडी बोगद्यात! अकरा किलोमीटर, मध्ये वळायला जागा नाही!

"एका तोंडाने बोल ना!" दोशिक ओरडले.

"ऐकायला कान एक तरी आहे का?"

तेवढ्यात माझ्या फोनवर मीरानचा व्हिडिओ कॉल. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं. "ताई, कुठे आहात? पुढचं लग्न दारात उभं आहे, हॉलवाले थांबत नाहीत!"

"बोगद्यात!"

"बोगद्यात?" तिचा आवाज फाटला. "सोल्बी म्हणतेय, काका नसतील तर मी चालणारच नाही!"

शेवटी हॉलवाल्यांनी तिचा फोन मोठ्या पडद्याला जोडला. काका पडद्यावरून तरी सोबत करतील! मी फोन दोशिकांसमोर धरला. संगीत सुरू झालं. सोल्बी एकटीच निघाली. दोशिकांचे डोळे भरून आले. "चल पोरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी आहे."

समोर नवरामुलगा हात पुढे करून उभा. सोल्बीने त्याच्याकडे हात नेला, आणि अख्ख्या हॉलमध्ये माझा आवाज घुमला.

"आपण चुकीच्या मार्गावर आहात! शक्य तिथून मागे फिरा!"

सोल्बी थबकली. नवरामुलगा पांढराफटक!

"बंद करा ते!" मी गाडीतल्या फोनकडे बोट दाखवत किंचाळले. हॉलमध्ये तेही ऐकू गेलं. त्यांना वाटलं, मी लग्नच बंद करायला सांगतेय!

"मागे फिरा!" फोनमधली मी.

शेवटी सोल्बीच खळखळून हसली, तिने नवऱ्याचा हात घट्ट पकडला, म्हणून ते लग्न लागलं!

आम्ही पोचलो तेव्हा जेवणं चालली होती. मीरानने माझ्याकडे बघितलंही नाही. सोल्बी मात्र धावत येऊन दोशिकांच्या गळ्यात पडली. मी खाली मान घालून रश्श्याचा वाडगा ओढला, तोच नवऱ्यामुलाची आई समोर येऊन उभी!

"मगाचचा आवाज आपला होता ना, विहीणबाई?"

"छे हो!" मी उसनं हसले. "यंत्राचा होता. हल्ली बाई, काय काय निघालंय!"

"हिचाच!" शेजारून दोशिक भरल्या तोंडाने म्हणाले. "सत्तावीस वर्षं ऐकतोय, मी ओळखणार नाही?"