जांभळा दिवा

आमच्या कॉलनीत कुणी वारलं की तेराव्यानंतर प्रयोगशाळेची गाडी येते आणि हुबेहूब त्याच्यासारखं माणूस घरी सोडून जाते. फरक एवढाच, की त्या माणसाच्या पाठीत एक लोखंडी आकडा असतो.

प्रमिला डबीर गेल्या, तेव्हा तशा प्रमिलाबाई आल्या. सोबतच्या ठोंबरे मॅडमनी यशवंतराव डबीरांना पद्धत समजावली.

"पेशीतला चरबीचा कण कोणत्या प्रथिनाला धरून असतो, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून आम्ही तसाच कण करून आत सोडतो. तो रमला की जांभळा दिवा लावायचा. त्या क्षणी ज्याला स्पर्श असेल, त्याला तो कायमचा चिकटतो. मग आकड्यानं ओढून दोघांनाही बाहेर काढायचं. माणसांचंही तेच."

"म्हणजे मी चिकटलो, तर मलाही नेणार?"

"न्यावंच लागेल."

"न्या," यशवंतराव म्हणाले. एवढ्या चटकन ते लग्नालाही हो म्हणाले नव्हते.

त्यांनी दूध बंद केलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि प्रमिलाबाईंचा हात धरून बसले. जेवतानाही सोडेनात.

"अहो, भाजी तरी चिरू द्या."

"राहू दे. आपल्याला जायचंय."

"जिवंतपणी कधी धरला नाही तो," शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या.

"तेव्हा तपासणी नव्हती," मी म्हणालो.

ठरल्या संध्याकाळी आम्ही सगळे दारात उभे राहिलो. मॅडमनी बटण दाबलं. खोली जांभळी झाली.

दिवा लागला की हात जोडायचे, ही सवय प्रमिलाबाईंनी नवऱ्याला बरंच भांडून लावली होती. यशवंतरावांनी धरलेला हात सोडला आणि दोन्ही हात जोडले. नमुना चोख होता. प्रमिलाबाईंनीही जोडले.

दिवा विझल्यावर यशवंतरावांनी पुन्हा हात पुढे केला. प्रमिलाबाईंचे तळवे एकमेकांना चिकटले होते.

"मॅडम, परत लावा ना."

"एकदाच लागतो, काका." मॅडमनी कागदावर लिहिलं : पतीशी संबंध आढळला नाही.

"अहो, पण मी तर सारखा हात धरून..."

"दिवा लागला तेव्हा?"



आकड्याला दोर लावून प्रमिलाबाईंना गाडीत चढवलं. "दूध परत सुरू करा हो," त्या म्हणाल्या. गाडी वळेपर्यंत त्यांचे हात जोडलेलेच होते, म्हणून आम्हीही जोडले. यशवंतरावांनी मात्र आपले हात मोकळे ठेवले होते.