मेश्राम काकांचं दुसऱ्यांदा विचारणं

मेश्राम काकांच्या भारतात मुंबई टाचणीएवढी आहे आणि भिलाई पेपरवेटएवढी. हा भारत ते आमच्या ऑफिसच्या टेबलावर स्वतःच्या हातानं मांडतात. वर आडवा स्टेपलर, तो हिमालय. खाली चहाचा कप, ती श्रीलंका. मधोमध खोडरबर, ते नागपूर, कारण काकांचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. एकदा मी म्हटलं, "काका, मुंबई एवढीशी?" तर माझ्यावरच उखडले. "कावून? मुंबईच्या बिल्डिंगीत लोखंड कोनाचं हाय? तुया मामाचं?"

काका इथल्या, भिलाईच्या पोलाद प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झाले. आमची कंपनी पोलाद मिलला लागणारे सुटे भाग बनवते. परदेशी साहेब लोक सौद्यासाठी येतात, तेव्हा त्यांना आधी आपला देश समजावून द्यावा लागतो. अर्थव्यवस्था, भूगोल, माणसं. ते काम शेठजींनी काकांना दिलं, कारण साहेब बघून न घाबरणारा दुसरा माणूस आमच्याकडे नाही. स्लाइड मी बनवते. काका त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पहिल्याच दिवशी प्रोजेक्टर बंद करून म्हणाले, "पावन्याले अंधारात बसवून देश दाखवतेस का, पोरी? लाइट लाव."

सुरुवात 'जयभीम'नं होते. एक साहेब अजून ईमेलच्या शेवटी जयभीम लिहितात. अर्थव्यवस्था दोन मिनिटांत आटपते. "मेन पॉइंट. इंडिया मीन्स आयरन. आयरन मीन्स भिलाई. नेक्स्ट." भूगोलाला पाच मिनिटं, त्यातली चार इथल्या उन्हाला, कारण साहेबांनी डोक्याला दुपट्टा बांधलाच पाहिजे. आणि मग माणसांचा विषय आला, की काका खुर्ची पुढे ओढून बसतात.

"इंडियन पीपल," काका बोट वर करतात, "फर्स्ट नो, ओन्ली मॅनर्स. फूड टाइम, आस्क टू टाइम्स. मस्ट!"

मग मला उभं करून प्रात्यक्षिक. ते बिस्किटांची प्लेट पुढे करणार, मी "नको" म्हणायचं. ते पुन्हा पुढे करणार, मी लाजत लाजत एक उचलायचं. साहेब वहीत लिहून घेतात. या प्रात्यक्षिकापायी माझं वजन वाढलं, ते कोणी लिहून घेत नाही.

मागे एका साहेबांनी शेठजींना भाव उतरवायला सांगितलं. शेठजी नाही म्हणाले. साहेबांनी गोड हसून पुन्हा विचारलं आणि वर बिस्किटांची प्लेट पुढे केली. शेठजी तापले. "मेश्रामजी, ये क्या सिखा रहे हो इनको?" काका थंडच. "मैंने तो खाने का सिखाया, सेठजी. भाव का इन्होंने खुद जोड़ लिया."

त्या दिवशी डबा खाताना मी विचारलं, "काका, एवढा मोठा देश, अन् तुम्ही या एकाच गोष्टीला का चिकटून बसता हो?"

काकांचा मुलगा प्रशांत जर्मनीत इंजिनिअर आहे, एवढं मला माहीत होतं.

"नवानवा गेला होता," काका म्हणाले. "एका साहेबानं घरी जेवाले बलावलं. यानं आपल्या सवयीनं पयले नाही म्हटलं. त्यानं ताटच उचलून नेलं वं! पोरगं उपाशी घरी आलं. फोनवर हासून हासून सांगे. मीबी हासलो. तुयी काकू असती तं रडली असती."

"मग आता?"

"आता तो तिथलाच झाला. मागच्या साली म्हने, बाबा, इकडं या. मी म्हटलं, कायले रे, नाही जमत. तं म्हने, ओके बाबा." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "मनात तं लय होतं वं जायचं."



गेल्या महिन्यात जर्मनीचेच एक साहेब आले, स्टेफान. भारत मांडून झाला, बिस्किटं झाली. त्यांनी घरची चौकशी केली. काका म्हणाले, "सन. युवर जर्मनी." साहेब खूश. मग तुम्ही आमच्याकडे याच, म्हणाले.

"नो, नो," काकांनी हात हलवला. "ओल्ड मॅन. नो नीड."

 साहेबांनी वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि काकांकडे बघून सावकाश म्हणाले, "मिस्टर मेश्राम, आय आस्क सेकंड टाइम. प्लीज कम."

 साहेब गेल्यावर काका टेबलावरचा देश आवरत बसले. हिमालय खणात ठेवला, टाचणी डबीत टाकली. पेपरवेट मात्र हातातच होता.

"पोरी," माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं आता सकाळ असन नं? प्रशांतले फोन लाव बरं. त्याले म्हन, बाबाले आनखी एक बार इचार."