दारातले उकंडराव

आमच्या वाशीमच्या शाळेत गणिताच्या तासाला बादलीभर पांढरी माती लागे. ती उकंडराव मास्तरांना लागे. मी शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवी, त्यामुळे तिचे शिंतोडे माझ्याही धोतरावर उडालेले आहेत.

त्या काळी वरच्या वर्गांत गणितही इंग्रजीतूनच. पुस्तक विलायतेचे. त्यातला कुणी साहेब खोलीच्या भिंतींना रंगीत कागद चिकटवी, आणि किती कागद लागला ते आमच्या पोरांनी काढायचे. रिठदच्या गुलाबने विचारले, "मास्तर, भितीले कागद कायले? पावसात भिजंन ना!"

उकंडराव खूश झाले. "साहेबाचं जाऊ दे. तुही माय दिवाळीले पांढऱ्या मातीनं भीत पोतारते ना? तेच हाये हे."

लगेच बादली, कुंचा आणि सगळा वर्ग भिंतीला. आधी पोतारायचे, मग तेच इंग्रजीत म्हणायचे, मग मांडायचे. "आंधी हाताले समजू द्या रे," हे त्यांचे पालुपद.

भिंतीच्या मापातून दार वजा करायला मात्र गुलाब हटकून विसरे. मग उकंडराव दारात हात पसरून उभे राहत. "मले बी पोतारतं का?" गुलाबने एकदा खरेच कुंचा फिरवला. मास्तर आठवडाभर त्याच कोटात हिंडले.

आम्ही बाकीचे मास्तर पोट धरून हसत असू. मोठा नवलाचा माणूस! गणित त्याच्या बोटांवर नाचे, तरी मॅट्रिकला दोनदा गणितातच आपटलेला. प्रश्नाचे इंग्रजीच कळले नव्हते म्हणे.

त्या वर्षी गुलाब नापास झाला, तर बाप त्याला शाळेतून काढून शेतात वखरावर धरणार होता. परीक्षेत नेमके भिंतीचेच गणित आले. आपल्या वर्गावर देखरेख करायची मास्तरांना मनाई, म्हणून देखरेखीला मी. वळून पाहतो तर दारात उकंडराव, हात पसरून!

"मास्तर, हे काय?"

"वारा अडवून राह्यलो. कागद उडतीन पोट्ट्यांचे."

बाहेर पानही हलत नव्हते.

गुलाब पास झाला. मी त्याला दटावले, "मास्तर दिसले म्हणून दार वजा केलेस ना?"

"नाही जी. म्या मान वर केलीच नाही. 'डोअर' वाचलं का मले मास्तरच दिसते, कोटाले माती लागलेले."

मी हे उकंडरावांना सांगितले. ते कोटावरचा जुना डाग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "माह्या मॅट्रिकच्या वक्ती दारात कोणीच उभं नोतं जी."